माया

शिवणीत आम्ही थोडं कापड आत दडवून ठेवतो,
उद्या अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून.
त्याला माया म्हणतात.
इल्पोच्या पँटमध्ये आता माया उरलेली नाही.

त्याची मापं माझ्या वहीत आहेत.
कंबर ब्याऐंशी: केमीच्या बंदरात क्रेन चालवायचा तेव्हा.
एकोणऐंशी: त्या हिवाळ्यात,
जेव्हा राईच्या पावात काच कुटून घातलीय
असं भिंतीतली बाई त्याला सांगायची
आणि तो उकडलेल्या बटाट्यांवर जगायचा, सालीसकट.
मग दवाखाना. मग शहाण्णव.
मग एकशे अकरा.

पहिल्या औषधानं बाई दबल्या आवाजात बोलू लागली,
पण त्याच्या पायांत काहीतरी शिरलं.
बसला की उठायचा, उठला की बसवत नसे.
अंगणात मांडीएवढा बर्फ,
त्यात सरपणाच्या खोपीपासून साउनापर्यंत
त्यानं येरझारा घालून अशी वाट तुडवली
की मे महिन्यात सगळा बर्फ वितळला
आणि ती तेवढी उरली,
करडी, घट्ट, कुठेच न जाणारी.
पोस्टमन म्हणाला, चालणं चांगलं असतं, हेल्वी.

दुसऱ्यानं हात आखडले.
चमचा सूपमधून निघायचा
आणि वाटेत थांबायचा, काहीतरी विसरल्यासारखा.
चेहऱ्याला जणू इस्त्री केलेली.
आयुष्यभर मी चुण्या मोडत आले;
तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
एखादी राहू द्यायला हवी होती.

तिसरी ही, पिवळी गोळी.
बाई गेली.
झोप येते ती विहिरीत धोंडा पडल्यासारखी,
रात्रभर लाळ गळते,
उशीवर जुना टॉवेल; सकाळी तोच पिळतो, वाळत घालतो,
मला हात लावू देत नाही.
दर मंगळवारी रक्त.
मार्युत नर्स दंडाला रबर बांधते,
पांढऱ्या पेशी पुरेशा भरल्या तर पुढच्या गोळ्या.
सुरुवातीला मी पेशींचा आकडाही वहीत लिहायचे,
कंबरेच्या शेजारी. मग सोडून दिलं.

नोव्हेंबरमध्ये मला कोटासाठी शिंपल्याचं बटण हवं होतं.
डब्यात बोटं घातली
तर बटणांत अकरा पिवळी,
छिद्रं नसलेली.

ओरडायला तोंड उघडलं होतं.
तो दारात उभा, मोज्यांवर.
म्हणाला, ती वाईट बोलायची,
पण माझ्याशी बोलायची, हेल्वी.
आता फोन येतो तो फक्त औषधांच्या दुकानातून.
मला एकदाच बघायचं होतं, अजून आहे का.
आहे का, मी विचारलं.
तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला.
पाव खाऊ नकोस, म्हणाला.

मार्युतला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं.
इतक्या खंडानंतर थेट पूर्ण गोळी देत नाहीत.
अर्ध्या गोळीपासून पुन्हा चढायचं, पायरी पायरी,
पुन्हा ती चक्कर, पुन्हा ती छातीतली धडधड,
पुन्हा रात्रीचा टॉवेल.
परतताना बसमध्ये त्यानं माझ्या पिशवीतला पाव मागितला,
मोडून आधी मला दिला.
मी खाल्ला.
मग त्यानं.

आज गडद निळं लोकरी कापड आणलंय.
टेप घेऊन मागे उभी राहिले
तर त्यानं श्वास रोखून पोट आत ओढलं.
सोड, म्हटलं, मी गिऱ्हाईक पटवत नाहीये.
तो हसला. अर्धा ओठ आधी,
उरलेला जरा उशिरानं.

एकशे अठरा.
वहीत लिहिलं. मागच्या शिवणीत चार बोटं माया ठेवली.
शिक्षिकेनं दोनच शिकवली होती.

खिसे मोठे कर, तो म्हणाला.
कशाला रे?
हात कापतात.
ठेवायला.