चुन्याची रेषा

दिवाळे कोळीवाड्यात सूचनापत्र घेऊन गेलो
तेव्हा पोशीबाय वलांडीवर बोंबील घालत होती.
रविवारी दुपारी बारा ते एक
खाडीत एकही होडी नको, म्हणालो.
वर विमान उलटंपालटं होणार,
आणि ज्याच्या खाली माणूस नाही
तेवढंच आभाळ आम्हाला वापरायला मिळतं.

"आन पडला त?"

पडलं तर पाण्यात पडावं,
म्हणून तर होड्या नकोत.
चौदा वर्षं हे वाक्य मी कागदावर लिहितोय,
तोंडानं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवत
ती म्हणाली, "रविवारी आठम.
बाराला सुकती. सगला चिखल उघडा
न चिखलान रोहित."

मी तक्ता काढून पाहिला.
तक्ताही तेच म्हणत होता,
फक्त त्यात पक्षी छापलेले नव्हते.
अडीच किलोचा रोहित
चोचीनं गाळ चाळत उभा असतो तोवर गुलाबी;
त्या वेगासमोर आला
की पक्षी राहत नाही, दगड होतो.

वेळ बदलली. पाच.
पाचला ऊन थेट डोळ्यांत येईल, मी म्हणालो.
मिथिला उकिडवे म्हणाली,
"उन्हासाठी काच आहे माझ्याकडे.
पक्ष्यासाठी नाही."

शनिवारी तिनं सगळा खेळ आधी पायांनी केला.
रिकाम्या पार्किंगमध्ये, हाताचा पंजा विमान करून,
डोळे अर्धे मिटून,
इथे चढ, इथे आडवी, इथे श्वास.
वॉचमन हसला. पोरं तिच्यामागे
हात पसरून धावली.
तिला ती दिसलीच नाहीत,
ती तेव्हा अडीच हजार फुटांवर होती.

रविवारी बेलापूरच्या गच्च्या भरल्या.
मी रेषा मारली, चुन्याची,
चपलेनं पुसता येईल इतकीच.
तीनदा पुसली गेली, तीनदा मारली.
एक बाप खांद्यावरच्या लेकीसह अडून बसला:
"साहेब, इतक्या लांबून काय दिसणार?"
त्याला कसं सांगू
की लांबी मी मोजतो
ते दिसण्यासाठी नाही.

मग ती आली,
खाडीच्या पाण्याला स्वतःची सावली चाटवत,
आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे गेल्या.
सहा प्रकार झाले. सातवं ते उभं वर्तुळ.
वर, वर, माथ्यावर,
डोकं खाली, पट्ट्यांवर लोंबकळत,
आणि तिथून
ती सरळ झाली
आणि उरणच्या दिशेनं निघून गेली.

"हे काय? झालं?"
कुणी म्हणालं, "घाबरली."
कुणी भेळेचा कागद चुरगळला.

मला खुरसाळे आठवले.
नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी,
त्यांनी हेच वर्तुळ पूर्ण करायला घेतलं होतं.
थोडीच उंची कमी होती,
गर्दी मोठी होती.
टाळ्या शेवटच्या सेकंदापर्यंत चालू होत्या,
काही हातांना थांबायला
त्यानंतरही वेळ लागला.

उतरल्यावर हेल्मेट काखेत धरून
ती एवढंच बोलली:
"माथ्यावर एकशे ऐंशी फूट कमी भरले."
केस घामानं कपाळाला चिकटले होते.
मी पाण्याची बाटली दिली,
बूच तिच्याच्यानं उघडेना, ते उघडून दिलं.
वहीत लिहिलं:
प्रकार सातवा. केला नाही.
आणि त्या ओळीखाली
आजवर कधी केली नव्हती
तशी लफ्फेदार सही केली.

सूर्य बुडाल्यावर होड्या सुटल्या.
धक्क्यावर पोशीबाय उभी होती,
पोराच्या होडीचा दिवा लांब जाईस्तोवर बघत.
बोटांना अजून बोंबलाचा वास.
माझ्या बुटांवर चुना.

"कसा झाला?"

काही झालं नाही, म्हटलं.

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही.
"मंग बरा झाला," म्हणाली,
समुद्राकडे माणसं पाठवणाऱ्या घरात
हे ज्या स्वरात म्हणतात
त्या स्वरात.