उलटी वेलांटी

आज्जाच्या पेटीत आरी-रापीच्या खाली
तळव्याच्या कातड्याचा एक जाड तुकडा निघाला,
बाभळीच्या सालीत मुरलेला,
अजून वास येणारा.
वर एक माणूस कोरलेला, मांडी घालून बसलेला,
उजव्या हातात रापी.
म्हणजे हा आज्जा नव्हे. आज्जा डावरा.

कोरणारी मात्र बरनाक्काच असणार.
खरं नाव ब्रोन्का. वळिवड्याच्या छावणीत
आई आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन आलेली, सतराची.
आज्जा सांगायचा,
"पायताण शिवाय आली, आन् रापीच मागाय लागली."

लढाईच्या दिवसांत चित्रापायी लाकूड कोण देणार?
कातड्याच्या कातरणी होत्या, त्या दिल्या.
"अंगाकडं वढू नगं पोरी, बोट जाईल."
तिनं अंगाकडंच ओढली.
बोटाला चिंधी बांधता बांधता
दोघांची काहीतरी एक भाषा झाली.

काजळी, जवसाचं तेल,
साखरेच्या पुड्याचा कागद,
आणि पितळी वाटीचं बूड गोल गोल फिरवायचं,
बाळाची टाळू भरावी इतक्या हलक्या हातानं.
पांढरं हवं तिथलं कातडं काढायचं.
बर्फ असाच करतात, म्हणायची,
काढून नेलेलं सगळं म्हणजे बर्फ:
गाव, बाप, धाकटा स्ताशेक.
काळं म्हणजे उरलेलं.
त्या उरलेल्यात मग कौलारू बराकी आल्या,
गंगावेशीतल्या म्हशी, आईच्या मातीवरचा क्रूस.

अठ्ठेचाळीस साली गेली. वाटी घेऊन गेली.
चौऱ्याहत्तरला क्राकोवहून एक जाडजूड पुस्तक आलं,
तिच्या प्रदर्शनाचं.
रंगीत पानावर म्हैस, कुंकवासारखी तांबडी.
"असली म्हस कुठं असती व्हय?" आज्जा म्हणाला,
आणि दुकान उघडायचं विसरून
दहा वाजेपर्यंत तेच पान बघत बसला.

काल लग्नपत्रिकावाल्या खोतांकडनं शाई आणली.
वाटी स्टीलची. चालली.
कागद एका कोपऱ्यानं उचलला
आणि रापी त्याच्या डाव्या हातात गेली.

तोच.
तेच वाकलेलं नाक, कानामागची बिडी,
पायाच्या अंगठ्यात धरलेला पट्टा.
सगळं तिनं उलटं कोरलं होतं, न चुकता,
खाली त्याचं नाव सुद्धा, ओळखीच्या नसलेल्या लिपीत.
फक्त पहिली वेलांटी तिला सुलटी राहिली,
ती भलत्या बाजूला जाऊन उमटली: शीदू.

पोरगी म्हणाली, बाबा, ऱ्हस्व पाहिजे ना?
पाहिजे, म्हटलं.
शाई अजून ओली होती.