वामन फुफाजींचा डबा

शनिवारी वीस शब्द.
रोझारिओ मॅडम फळ्यावर लिहितात, पुसतात
आणि म्हणतात, आता हे तुमचे.
माझे होत नाहीत. सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत
शेअर ऑटोत मी त्यांना मांडीवर धरून आणते,
सांडू नयेत म्हणून.

घरी बाबांचे कूलर.
मार्चपासून अंगणात पाठीला पाठ लावून उभे.
एकेका पत्र्यावर मी खडूने शब्द लिहून ठेवते.
इफेमरल : वाळ्याचा वास, बारा ते साडेबारा.
रेझिलियंट : मावशीकडचा पंप, तिसऱ्यांदा वाइंडिंग केलेला.
गिऱ्हाईक येतं, कूलर टेम्पोत चढतो,
शब्द मानेवाड्याला निघून जातो.
मॅग्नॅनिमस असाच गेला,
उधारीवर.

शब्दांचं एक वेळ जमतं.
शब्दांच्या मागे माणसं उभी असतात, ती छळतात.
एक राजा म्हणे गळ्यापर्यंत पाण्यात उभा,
प्यायला वाकला की पाणी खाली जातं.
त्याच्या नावाचं क्रियापद झालं.
आमच्या गल्लीत टँकर सव्वाचारला येतो
आणि आमच्या गुंडापाशी आला की पाइप गुंडाळतो.
मला अर्थ उतरवून घ्यावा लागला नाही,
फक्त स्पेलिंग.

पण एकदा धड्यात कुणाच्या तरी टाचेचा उल्लेख आला
आणि पुढचे दोन बाक हसले.
टाचेत हसण्यासारखं काय?
मी माझ्या चपलेकडे पाहिलं.

आई पवनीची. म्हणाली,
मी लग्न होऊन आली तवा मले बी असंच झालं.
जेवता जेवता कोणी म्हणे, घ्या, वामन फुफाजींचा डबा!
अन् सारं घर ठसका लागेस्तोवर हासे.
मी ताटात पाहो.
मले वाटे, माह्यावरच हासून राह्यले.
फुफाजी तर कवाचेच वारले होते,
डबा कोणाच्या घरी, कोणास ठाऊक.
दोन उन्हाळे गेले. मंग भांडे घासता घासता
रंजनाआत्यानं सांगितलं :
रामटेकले निघाले होते सारे,
फुफाजीनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही,
कोणाले हात लावू देला नाही.
तळ्याकाठी उघडला त आत स्क्रू, वायसर अन् एक पाना.
पुऱ्या राह्यल्या दुकानात.

मंग एक दिवस तुह्या बाबानं
बंद पडलेली घडी रुमालात बांधून आणली,
कोणाले पाहू देईना.
तवा मीच बोलली, सगळ्यायच्या पहिले.
तुहा आजा खाटेवरून उठून बसला हासाले.
त्या दिवशी मी या घरची झाली बाप्पा.
लग्न तर पहिलेच झालं होतं.

चाचणीत विचारलं : एक अल्यूजन वापरून वाक्य लिहा.
मी अंकल लिहिलं, खोडलं,
फुफाजीच ठेवलं.
वहीत लाल प्रश्नचिन्ह, खाली : भेटून जा.
व्हरांड्यात उभं राहून सांगितलं सगळं,
अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत, पुऱ्या मराठीत.
मॅडम हसल्या नाहीत. चष्मा पुसला.
दोनपैकी अर्धा मार्क दिला.
म्हणाल्या, अजून हे फक्त तुलाच माहीत आहे ना.

पुढच्या शनिवारी एक मुलगा
जाडजूड गाइड छातीशी धरून आला,
शेजाऱ्यालाही दाखवेना.
मॅडमनी मागून घेतलं, पहिलं पान उलटलं.
गेल्या वर्षीचा सिलॅबस.
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
वामन फुफाजीज टिफिन.

वर्गात फक्त पंख्याचा आवाज.
मी हसले. एकटी, आणि बरीच मोठ्याने.
बत्तीस डोकी वळली,
पुढचे दोन बाकसुद्धा,
आणि मग एकेकाने हळूच
आपापल्या पायांकडे पाहिलं.