प्रॉम्प्टरची वही

वडशाला सायकलच्या दुकानावर आमची कंपनी.
लोखंडी जिना, मागच्या सीझनची पोस्टरं,
नायिकेच्या गालावर भिंतीचा पोपडा.
डोंगरवार मास्तर दरसाल नवं नाटक आणतात,
हजेरीपटाच्या उरलेल्या पानांवर लिहिलेलं,
आणि मी ते तीनदा उतरवतो:
दिग्दर्शकाला, पेटीवाल्याला, मला.
सत्तावीस वर्षं विंगेत बसून
दुसऱ्यांची वाक्यं फुंकतोय.
माझा आवाज खड्ड्यात पोचला
तर चूक माझी.

यंदा मास्तर अडून बसले:
मोठ्या बहिणीच्या कामाला नागपूरची बाई नको.
रोवणी आटोपली की इथलीच बघू.
अकरा जणी आल्या. नऊ लाजून जिन्यातच थांबल्या.
पंचफुला कापगते राइस मिलमधून सरळ वर,
भुवयांवर कोंडा तसाच.
"वाचता येते जी, पन हरू हरू."

म्हणून भादवाभर मी वाचलं, तिनं ऐकलं.
खाली दुकानात हवा भरायचा पंप धापा टाकायचा,
ती त्या ठेक्यावर पाठ करायची.
तिसऱ्या अंकात बहीण घर सोडते.
वहीत आहे: *मी जाते आता. माझं इथं काही उरलं नाही.*
"जाते" म्हणताना ती दरवेळी जरा थांबे,
दुसऱ्याची चप्पल पायात घालून
उंबरा ओलांडावा तशी.
मी म्हणायचो, छान.
मास्तर म्हणायचे, अजून एकदा.

पहिला प्रयोग सावरटोल्याला.
दिवसभर पट झाला, बैलांची धूळ अजून हवेत.
धान निघालेल्या बांधीत खड्डा खोदलेला,
पुढं खुर्च्या, मागं तणीस टाकलेली जमीन,
त्याच्याही मागं बंड्या, बंड्यांवर म्हाताऱ्या,
एका चादरीत तिघी.
पहिल्या अंकात हॅलोजन गेला.
दुसऱ्यात खलनायकाची मिशी सुटली,
त्यानं ती खिशात घालून धमकी पुरी केली,
टाळ्या त्यालाच जास्त.

साडेतीनला तिसरा अंक.
दव पडून वहीची पानं मऊ झालेली.
पंचफुलानं गाठोडं उचललं.
मी फुंकलं: मी जाते आता.
तिनं ऐकलं. मला दिसलं, ऐकलं.
दोन पावलं गेली, वळली,
आणि भावाकडे न बघता म्हणाली,
"जातो मंग मी. कवाड लोटून घेजो."

वहीत नाही हे.
माझं बोट ओळीवर तसंच,
मास्तर पडद्यामागं डोकं धरून.
खड्ड्यात शेंगा फोडायचा आवाज बंद.
आणि मग मागून, बंड्यांच्याही पलीकडून,
एक म्हातारा बोलला, झोपेतून उठल्यासारखा:
"लोटतो बाई. लोटतो."

सकाळी ट्रकमध्ये पडदे भरताना
मास्तर तिच्याजवळ गेले. मला वाटलं, रागावतील.
त्यांनी विचारलं, हे कुठून आणलंस?
ती गाठोड्यातली खरी भांडी मोजत होती,
घरचीच आणलेली.
"मायबी असीच जाये, मिलीत.
आमी कवाड लोटो."
मास्तरांनी माझ्याकडं हात केला. मी लाल पेन दिलं.
त्यांनी ओळ खोडली, नवी लिहिली,
"मंग"वर अनुस्वार दोनदा गिरवला.

दुसऱ्या रात्री गाव निराळं. थंडी जास्त, माणसं कमी,
अर्धी कानटोपीत.
ती वळली. म्हणाली.
कोणी उत्तर दिलं नाही.
ती उभी. गाठोडं कमरेवर. भाऊ खाली मान घालून,
त्याला तर वाक्यच नाही तिथं.
पेटीवाला माझ्याकडं बघायला लागला.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
मी वही मिटली, आणि विंगेतून,
खड्ड्यात पोचेल इतक्या आवाजात
म्हणालो,
"लोटतो."