प्रिफर

सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर
आमचा क्लास. मे महिना. पारा शेहेचाळीस.
कूलरच्या वाळ्यावर सकाळपासून पाणी नाही,
त्यामुळे वास आहे, गारवा नाही.
मी फळ्यावर लिहिते: प्रिफर.
खाली लिहिते: प्रिफरनंतर टू येतं, दॅन येत नाही.
मार्कर इतका वाळलाय
की कालचं पुसलेलं शुड हॅव जास्त ठळक दिसतंय.

एकेक वाक्य सांगा.
तेजराम उईके, मिहानमध्ये गार्ड,
म्हणतो, आय प्रिफर नाइट ड्यूटी टू डे ड्यूटी.
का, हे मी विचारत नाही. उन्हाळा आहे.
शगुफ्ता म्हणते, आय प्रिफर स्कूटी टू ब्रदर.
सगळे हसतात.
वाक्य बरोबर आहे.

मग पुष्पकला नंदनवार. वय एक्कावन्न.
इतवारीत साडीच्या दुकानात बावीस वर्षं.
शेठ वर्धा रोडवर शोरूम काढतोय,
जिला इंग्रजी येईल ती तिकडे, एसीत.
उभी राहते, पदर सारखा करते.
"मॅडम, मले तं काईबी चालते."

चालते.
पोळी चालेल, भात चालेल,
मधली सीट चालेल, स्थळ चालेल,
ह्या वर्षी नाही केलं वाढदिवसाचं तरी चालेल.
ह्या शब्दाला टू लागत नाही, दॅन लागत नाही,
तो एकटाच चालत राहतो
पोटऱ्या दुखेपर्यंत.

आणि आवडणं तरी काय?
आय लाइकमध्ये आय आधी, तीही कॅपिटल.
मला आवडतं म्हटलं की
कर्ता ते वांगं, ती साडी, तो माणूस.
मी आपली चतुर्थीत,
उपास धरल्यासारखी.
हे फळ्यावर लिहिलं नाही. सिलॅबसमध्ये नाही.

"बसा," म्हटलं, "दुकानातलं सांगा एखादं."
ती बसली नाही.
"बाई येते. निळीवर हात ठिवते
न् हिरवीची किंमत विचारते.
मी हिरवी दाखवतो, पाच दाखवतो, धा दाखवतो,
तिचा हात घडीघडी निळीकडंच जाते.
मंग मी निळी उचलून तिच्यापुढं सरकवतो.
बोलत नाही काई.
तेच का वो मॅडम, प्रिफर?"

माझ्या जाड्या डिक्शनरीत, शब्दाच्या शेवटी,
बारीक अक्षरात मूळ अर्थ दिलाय:
पुढे नेणं.
अठरा वर्षं शिकवतेय,
ते बारीक अक्षर पहिल्यांदा कामाला आलं.
म्हटलं, "हो. तेच."

"न् तुमचं मॅडम? तुमी सांगा न एक."
आय प्रिफर टी टू कॉफी, मी सांगितलं.
पुस्तकातलं पहिलंच वाक्य, पान चौतीस.
चहा सोडून मला सात वर्षं झाली, ॲसिडिटी.
कॉफी कधी लागलीच नाही.
व्याकरणात हे कोणी तपासत नाही.

संध्याकाळी वह्या घेऊन बसले.
गाळलेल्या जागा भरा:
आय प्रिफर डॅश टू डॅश.
बाकीच्यांनी डावीकडून उजवीकडे भरल्यात,
पिझ्झा, पोहे, पुणे, पुन्हा पुणे.
पुष्पकलाबाईंनी फक्त दुसरी जागा भरलीय.
टूच्या पुढे, पेन्सिलने, दाबून,
एक शब्द खोडून दुसरा, तो खोडून तिसरा:
शॉप. हाउस.
तिसरा वाचता येत नाही, कागद तिथे फाटलाय.
पहिली जागा कोरी.

लाल पेनचं टोपण काढून
मी बराच वेळ बसले.
खाली चष्मेवाल्याने शटर ओढलं.
बरोबर म्हणू की अर्धा मार्क कापू?
कूलर तसाच, वास तसाच.
शेवटी त्या कोऱ्या जागेखालची रेघ
पट्टी घेऊन
थोडी लांब केली.