अकरावा चॅनेल

महापे, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
नखाएवढ्या चिपवर सोळा कान,
त्यातला अकरावा उशिरा ऐकतोय.
फार नाही. प्रकाश बोटभर सरकेल, एवढाच.

तांडेल म्हणाला, फेज फिरव, जमेल.
जमलंही, एका फ्रिक्वेन्सीपुरतं.
बँड रुंद केला
आणि अकरावा पुन्हा बिनसला.
फेज म्हणजे नुसती वेळ मारून नेणं.
इथे खरंच थांबावं लागतं,
आधी पोचलेल्यांनी.

पंधरा जणांना थांबवलं.
पडद्यावर सुळका उभा राहिला, कुसळासारखा.

गच्चीवरचं पॅनेल जागचं हललं नाही,
पारसिकच्या डोंगराआडून वर येणाऱ्या उपग्रहाकडे
न वळताच बघत राहिलं.

तांडेलने डबा उघडला. सुकट, गार भाकरी.
"दिवाळ्याला बायको जागी असेल.
किती उशीर सांगू?"

पिकोसेकंदात सांग, म्हटलं.