रात्री साडेअकराला बघायची खोली

लांजेवारभाऊ खोल्या दाखवतात सकाळी दहाला.
खिडकीतून ऊन आत, फरशी नुकती पुसलेली,
जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास.
"बघा ताई, किती शांत एरिया!"
सकाळी दहाला तर दहनघाटही शांत असतो, भाऊ,
वरून तिथं सावली असते.

माझी ड्यूटी धंतोलीत, रक्तपेढीत,
दोन ते साडेदहा.
पिशवीवर नाव, गट, तारीख नीट चिकटवायची.
चुकलं तर माणूस जातो.
माझ्यावरही लोक काहीतरी चिकटवतात,
ते कुठल्या अक्षरात, मला दिसत नाही.

धरमपेठेतला किराया ऐकून हसू आलं,
माझं नाही, पगाराचं.
प्रतापनगरात जमत आलं होतं.
काकूंनी चहा दिला, कूलरची खिडकी दाखवली,
मग कप उचलता उचलता,
"पूर्ण नाव काय म्हणाल्या?"
सांगितलं.
"अच्छा. ह्यांना विचारून कळवते."
ह्यांचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला.
अजून विचारूनच राहिल्या आहेत.

बेसा रोडला नवी इमारत. गेट, कॅमेरे, वॉचमन.
किराया परवडणारा, कारण पाणी टँकरचं
आणि शेवटची आठशे पावलं अंधारात.
"इथं एकदम सेफ," सेक्रेटरी वैरागडे म्हणाले,
"अकरानंतर एकट्या लेडीज आल्या
की रजिस्टरमध्ये वेळ लिहितो आम्ही."
आणि त्या आठशे पावलांचं कुठं लिहिता?
"ते आपल्या हद्दीत येत नाही."
तोवर वॉचमननं माझी वेळ लिहूनही टाकली होती:
अकरा दहा.
सकाळचे.

मग मी उलटं सुरू केलं.
दिवसा होकार नाही, नकार नाही.
रात्री सुटल्यावर, डब्याची पिशवी छातीशी धरून
खोली बाहेरूनच पाहायची.
दिवा लागतो की नुसता खांब.
कुत्री किती लांबून ओळख मागतात.
पानठेल्यावरचे पोट्टे काय बघून राहिले,
मोबाईल की रस्ता.
"काहून बाप्पा एवढं?" लांजेवार वैतागले,
"खोली पाहिजे का चौकीदारी?"

मानेवाड्याकडं, नाल्याच्या अलीकडं,
दुसरा मजला, साडेसहा हजार, लाईट वेगळी.
भिंतीला ओल.
मे महिन्यात डोक्यावरचा स्लॅब भाकरी भाजणार,
खिडकी इतकी अरुंद की कूलर अर्धा रस्त्यावर लटकेल.
नाहीच म्हणणार होते.
पण कोपऱ्यावर अंडाभुर्जीची गाडी होती,
मागं दुर्पताबाई, नाकात चमकी, कमरेला टॉर्च.
"कोणाकडं?"
कोणाकडंच नाही, म्हटलं, खोली पाहून राहिली.
तिनं तवा खरवडला.
खालून वर एकदा मला पाहिलं, मग त्या खिडकीला.
"साडेबारापर्यंत असतो आम्ही.
पाण्यापावसात नाही. मंगळवारी नाही."
पूर्ण नाव विचारलं नाही.
तिखट किती टाकू, एवढंच.

परत येऊन वहीत हिशोब मांडला.
किराया, डिपॉझिट, दलाली,
पावसाचे धरा साठ दिवस, बावन्न मंगळवार.
खोडाखोड करून उरल्या
अडीचशेच्या आसपास रात्री,
ज्यात कोपऱ्यावर एक स्टोव्ह पेटलेला असेल.

आज टोकन दिलं.
लांजेवार नोटा मोजता मोजता म्हणाले,
"ही तर पहिल्याच दिवशी दाखवली असती,
पण हिला कोणी सेफ म्हणत नाही ना ताई."

आता मंगळवारची सुट्टी मागून घ्यायची.
मॅडम विचारतील, उपास असतो का?
हो म्हणेन.